अण्णा, त्या ग्लासात चहा होता

अण्णा, तू दारू पिऊन गेलास असं आपल्या औराद गावानं ठरवून टाकलंय. भेटायला येणारी प्रत्येक बाई आधी पाणी पिते, डोळ्याला पदर लावते आणि मग हळूच म्हणते, "आयुष्यभर बारात काम केलं मनल्यावर लिव्हर काय राहतंय, बाई?" स्वादुपिंडाचा आजार होता, लिव्हरवर तो नंतर पसरला, हे मी पहिल्या दोघींना समजावून सांगितलं. तिसरीपासून सोडून दिलं. हुमनाबादच्या ढाब्यावर एखादा लॉरीवाला एका बसणीत जेवढी रिचवतो तेवढी तू अख्ख्या वर्षात घेत नव्हतास, हे कुणाला पटणार? गळ्यात लिंग असलेला लिंगायत माणूस हैदराबादच्या क्लबात चौतीस वर्षं साहेब लोकांचे ग्लास भरत होता, एवढं लोकांना पुरतं. खरं सांगायचं तर बरीच वर्षं मलाही ते पुरत होतं.

आज तुला जाऊन अठरा दिवस झाले. लोकांची तोंडं बंद करायला मी हे लिहीत नाही. मला तुझ्याशी त्या शेवटच्या शुक्रवारच्या ग्लासाबद्दल बोलायचंय. त्यात व्हिस्की नव्हती, अण्णा. कोरा चहा होता. तुला ते पहिल्याच घोटात कळलं असणार, कारण असल्या गोष्टी कळणं हाच तुझा धंदा होता. तू काही बोलला नाहीस, मीही बोलले नाही आणि चार दिवसांनी तू गेलास.

नऊ वर्षांपूर्वी तू रिटायर होऊन आमच्या घरी आलास तेव्हा तुझ्याबरोबर एक पत्र्याची ट्रंक होती आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन जाड बुडाचे काचेचे ग्लास. ते ग्लास पाहूनच माझं डोकं फिरलं. मी मराठी शाळेतली बाई, ह्यांचं बाजारात बी-बियाणांचं दुकान, घरात रोज लिंगपूजा, आणि माझा सख्खा थोरला भाऊ बारमधून ग्लास घेऊन येतो. त्याच दिवशी मी तुला नियम घालून दिले. बाटली वरच्या खोलीतच राहील. माझ्या स्वयंपाकघरात तिचा थेंब येणार नाही. ग्लास गच्चीवरच्या नळाला धुवायचे. शाळेतलं कुणी आलं तर खाली यायचं नाही. तू सगळं ऐकून घेतलंस आणि फक्त एवढंच विचारलंस, "फ्रीजमधी पाणी ठिवलं तर चालंल का? बर्फापुरतं."

आणि तुझा तो बर्फ. पाणी दोनदा उकळायचं, निववायचं, मग स्टीलच्या वाटीत भरून फ्रीजरमध्ये ठेवायचं, म्हणजे खडा काचेसारखा निघतो आणि लवकर विरघळत नाही. मी म्हणायचे, पाण्याला एवढं सोवळं आणि आत काय ओतायचं तर दारू. तू हसायचास. क्लबातल्या म्हाताऱ्या उस्तादानं तुला शिकवलेलं ते एक जुन्या काळचं मिश्रण होतं. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ जुन्या पद्धतीचं असा होतो, असं तू सांगितलंस. घरात आपण नुसतं 'जुनं' म्हणत होतो. दसरा झाला, सोयाबीनच्या राशी उरकल्या, संध्याकाळी गच्चीवर जरा गार हवा पडायला लागली की तू ह्यांना जिन्यातून हाक मारायचास, "दाजी, जुनं करायलोय. या." दसरा ते दिवाळी, एवढेच दिवस, दिवसाला एकच ग्लास. बाकीचं वर्ष तू चहावर काढायचास.

क्लबातल्या उंची सामानाऐवजी तू इथलं शोधलंस. साखरेच्या जागी चिंताकीकडच्या गुऱ्हाळावरची काकवी आणलीस. क्लबात कडू अर्काचे थेंब विलायती बाटलीतून पडायचे. इथं तू काडेचिराईत, लवंग, सुंठ आणि मोसंबीची वाळलेली साल व्हिस्कीत भिजत घातलीस, पंधरा दिवस बाटली अंधारात ठेवलीस आणि रोज हलवलीस. त्या बाटलीला आपण 'कडू' म्हणायचो. पहिल्या वर्षी तुझं कडू बिघडलं, कारण तू काडेचिराईत मूठभर टाकलंस. मी लहानपणी आईला तापाचा काढा करताना पाहिलेलं, म्हणून न राहवून बोलले, "चार काड्या घाल, अण्णा. येवढ्यात तर म्हैस मरंल." दुसऱ्या वर्षीपासून चार काड्या झाल्या आणि ते काम तू माझ्याकडेच दिलंस. वर्षभर दारूच्या नावानं बोटं मोडणारी मी भाद्रपदात तुझ्यासाठी मोसंबीच्या साली वाळवत होते. कुणी विचारलं तर चेहऱ्याला लावायला म्हणून सांगायचे.

ह्यांची एक खोड होती. स्वतःचा ग्लास हातात असला तरी आधी तुझ्या ग्लासातला एक घोट घ्यायचे. घेऊन डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "पास." मग तू प्यायचास. मेहुणा-मेहुण्यांचं ते लाडिक नाटक मी जिन्याच्या वरच्या पायरीवर तांदूळ निवडत बघायचे. मला त्याचा राग यायचा, पण मी तिथून उठायचे नाही. दिवसभर शाळेत मी बोलत असते. माझं ऐकणारं घरात कुणी नव्हतं. तू चौतीस वर्षं लोकांचं ऐकलेला माणूस. मध्ये तोंड घालायचा नाहीस, सल्ला द्यायचा नाहीस, कालचं बोलणं आज नेमक्या जागेवरून पुढं न्यायचास. माझ्या बदलीचं प्रकरण, सुनेबरोबरचा अबोला, छातीतल्या गाठीची तपासणी होऊन निकाल येईपर्यंतचे ते आठ दिवस, हे सगळं मी त्या पायरीवर बोलले. तुझ्या धंद्याला मी नावं ठेवली आणि त्या धंद्यानं तुला जे शिकवलं ते सगळं फुकट वापरलं. हे तू असताना तुला सांगायला हवं होतं.

भांडण मात्र आपलं रोजचं. एकदा तू म्हणालास, "आपल्यात कामालाच पूजा मनतेत ना? मंग माझं काम ते कायक कामून न्हाई?"

"काय बी काम कायक असतंय व्हय? उद्या चोर बी मनंल."

"शरणांच्या, आपल्या संतांच्या मेळ्यात एकजण ताडी इकायचा. त्येला कुणी हाकललं का?"

मीही प्रवचनं ऐकलेली. म्हटलं, "त्येनं प्यायला येणाऱ्यांला शहाणं केलं. तू कुणाला केलास?"

तू ग्लासातला बर्फ फिरवलास. मग म्हणालास, "मी लई जणांला तिसरा ग्लास दिलो न्हाई, नंदे. साहेब, बर्फ संपला मनायचो."

"मंजे लबाड बोलायचास. ते बी कायकच का?"

 ह्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी देईन म्हणालास आणि दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. ते भांडण तिथंच राहिलं. मी जिंकले असं मी धरून चालले होते. आता रोज वाटतं की तुझ्याकडे उत्तर होतं आणि बहिणीला गप्प करायचं नाही म्हणून तू ते गिळलंस.

तुझं लग्न झालं नाही ते ह्या कामापायीच. एक स्थळ जमत आलं होतं, पत्रिका छापायच्या बाकी होत्या, आणि मुलीच्या बापाला कुणीतरी सांगितलं की मुलगा हॉटेलात मॅनेजर नाही, बारमध्ये ग्लास भरतो. ते सांगणारं कुणीतरी आपल्याच नात्यातलं होतं. आई-अप्पांनी तेव्हा तुला नोकरी सोड म्हणून निरोप धाडला. तू सोडली नाहीस. मी विशीतली होते आणि मलाही वाटलं, काय हा हट्ट, ग्लास भरण्यात असं काय ठेवलंय.

काय ठेवलंय ते मला गेल्या वर्षी कळलं. तुझ्या उजव्या मनगटाला प्लॅस्टर होतं. दसरा सरला तरी गच्चीवर काही होईना. ह्यांना तर हातात बाटली धरता येते, बाकी काही नाही. तू खुर्चीत बसून म्हणालास, "नंदे, तू कर. मी सांगतो तसं." मी नाकाला पदर लावला आणि केलं. काकवी एक लहान चमचा, कडूचे तीन थेंब, आधी ते दोन्ही एकजीव करायचं. मग बर्फाचा खडा, मग व्हिस्की. मग ढवळायचं, पण चमचा काचेला लागल्याचा आवाज येता कामा नये. माझा चमचा वाजत होता. तू म्हणालास, "आवाज आला की पिणाऱ्याला कळतंय की करणाऱ्याला घाई हाय." शेवटी मोसंबीची ताजी साल ग्लासावर धरून पिळायची, म्हणजे तिचं तेल वरच्या वर पडतं. दहाएक ग्लास मी तुला त्या महिन्यात करून दिले. पहिले तीन तू नाकारलेस. एक घोट घेऊन ग्लास बाजूला ठेवलास, काकवी जास्त झाली म्हणून. मला रडू आलं होतं. तुला कीव येत नव्हती, आणि मला ते कुठेतरी आवडलंही होतं. चौथ्याला तू मान डोलावलीस आणि ह्यांनी 'पास' म्हटलं.

यंदा श्रावणात तू पिवळा पडलास. बिदरच्या दवाखान्यात दोन महिने ये-जा झाली. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात डॉक्टरांनी तुला बाहेर व्हीलचेअरवर बसवलं आणि मला आत बोलावलं. हे औषधं आणायला गेले होते. मी बाहेर आले तेव्हा तू विचारलंस, "काय मनाले?" मी म्हणाले, घरी जायचंय, आता इथं ठेवायची गरज नाही. तुला त्याचा अर्थ कळला. गाडी बिदरच्या बाहेर पडली. मग म्हणालास, "दसरा आलाय. संध्याकाळचं जुनं चालंल का, इचारलीस?"

"नको मनाले."

"येक बी?"

"थेंब बी नको मनाले."

हे गाडी चालवत होते. त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडे. तू "हौ" म्हणालास, क्लबातल्या सवयीचं ते एकच 'हौ', आणि खिडकीबाहेर बघत बसलास.

त्या शुक्रवारी तुला गच्चीवर जायचं होतं. तुझं वजन एवढं उतरलं होतं की ह्यांनी तुला एकट्यानं उचलून वर नेलं. हवा छान पडली होती. शेजारच्या शेतातली तूर फुलायला लागली होती. तू म्हणालास, "नंदे, जुनं कर की एक."

"डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"डॉक्टर कुठं हाय हितं?"

हे म्हणाले, "दे की गं. आता काय ऱ्हायलंय."

मी खाली आले. वरच्या खोलीतली बाटली मी आधीच आणून जिन्याखालच्या कपाटात ठेवली होती, तू उठून घेशील म्हणून. उठायची ताकद तुला कुठं होती, पण ठेवली होती. मी ती बाहेर काढली आणि ओट्यावर ठेवली. माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर, नऊ वर्षांत पहिल्यांदा. आणि मग माझा हात थांबला.

काय आलं माझ्या मनात ते तुला सांगते. मठातल्या स्वामींना मी निरोप देऊन ठेवला होता. वेळ आली की ते येणार, तुझ्या कपाळाला भस्म लावणार, त्यांच्या पायाचं तीर्थ तुझ्या तोंडात घालणार. आपल्यात माणूस तेवढं घेऊन जातो. मला वाटलं, ती वेळ आजच रात्री आली तर? स्वामी वाकतील आणि तुझ्या तोंडाला वास येईल. खोलीत दहा बायका असतील. त्या मागं सरकतील, एकमेकींकडं बघतील. अण्णा, त्या घटकेला माझ्या डोळ्यांपुढं तुझं तोंड नव्हतं. लोकांची नाकं होती.

मी बाटली परत आत ठेवली आणि गॅसवर पाणी ठेवलं. चहापत्ती टाकली, दूध नाही, साखर नाही. रंग हुबेहूब आला. तो निववला, गाळला. मग बाकीचं सगळं तू शिकवलं तसं केलं. काकवी एक लहान चमचा. कडूचे थेंब टाकताना पुन्हा थांबले, कारण कडू व्हिस्कीतच मुरलेलं असतं. शेवटी तीन थेंब टाकले. त्या ग्लासात दारू म्हणून जे काही होतं ते तेवढंच. बर्फ घातला. ढवळताना चमचा एकदाही वाजू दिला नाही. साल पिळली. एवढ्या मन लावून मी तुझ्यासाठी दुसरं काही केलं नसेल.

तू ग्लास दोन्ही हातांनी धरलास. आधी वास घेतलास, मग एक घोट. तोंडात ठेवलास, गिळलास. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. मी जिन्याच्या पायरीवर उभी होते.

ह्यांनी सवयीनं हात पुढं केला. "आण बघू, पास करतो."

तू ग्लास छातीशी धरलास आणि म्हणालास, "न्हाई दाजी. आज न्हाई देत. आज हे माझं एकट्याचं हाय."

हे हसले. त्यांना वाटलं, आजारी माणसाची हाव. नऊ वर्षांत तू त्यांना कधी नाही म्हटलं नव्हतंस. आणि मग तू तो सगळा ग्लास प्यायलास. दोन घोट पाणीही तुझ्या पोटात ठरत नव्हतं त्या दिवसांत. तू थांबत थांबत, मध्ये डोळे मिटून, कपाळाला घाम येऊन, तळाशी बर्फ दिसेपर्यंत प्यायलास. त्यात एक घोट जरी उरला असता तर ह्यांनी तो घेतला असता आणि बायकोची लबाडी त्यांना कळली असती. तू रिकामा ग्लास माझ्या हातात दिलास आणि म्हणालास, "साल बरी पिळलीस."

चार वेगवेगळ्या दारू नुसत्या वासानं ओळखणारा माणूस तू. काकवी जराशी जास्त झाली म्हणून मला रडवणारा तू. फक्त सालीचं बोललास. तेवढंच खरं होतं, म्हणून तेवढंच बोललास.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे पुन्हा म्हणाले, करायचं का जुनं? तू नको म्हणालास. तिसऱ्या दिवशीही नको. मंगळवारी सकाळी मी तुझं अंग पुसलं, चादर बदलली, चादर वाळत घालायला बाहेर गेले आणि परत आले तर तू गेला होतास. ह्यांनी स्वामींना फोन लावला. ते त्या दिवशी हुमनाबादला एका घरी पूजेला गेले होते. त्यांना यायला दीड तास लागला. त्यांनी भस्म लावलं, तीर्थ ओठांत घातलं. ते आत गेलंच नाही. ओठांच्या कोपऱ्यातून हनुवटीवर आलं आणि मी ते पदरानं पुसलं. ज्या तीर्थासाठी मी तुझं तोंड स्वच्छ राखलं होतं ते माझ्या पदरात आलं, अण्णा. बायका कुणी मागं सरकल्या नाहीत. एकीच्या नाकालाही काही लागलं नाही. दुपारी तुला बसवून, बेलाची पानं घालून मातीत ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत गावात झालं, पिऊन गेला.

तू मला वाचवलंस, ह्यांच्यापुढं माझी लाज राखलीस, हे मला तेव्हाच कळलं होतं. त्याबद्दल तुझे पाय धरायला हवेत. पण तू कशापासून वाचवतोयस हे तुलाही नीट माहीत नव्हतं. तुला वाटलं असेल, बहीण घाबरली, डॉक्टरांचा शब्द मोडायची तिची छाती झाली नाही, तिला चार दिवस भाऊ आणखी जगायला हवा होता. एवढं प्रेमाचं काही मनाशी धरून तू तो चहा प्यायला असशील. ह्यांना तर त्यात चहा होता हेही आजपर्यंत माहीत नाही. परवा मला म्हणाले, "डॉक्टर नको मनाले तरी तू ग्लास दिलीस, मनाला लावून घेऊ नको." मी भाकरी थापत राहिले.

बिदरला त्या खोलीत डॉक्टर मला म्हणाले होते, "मनेगे कर्कोंडु होगी, अक्का. अवरु केळिद्दु कोडी." घरी घेऊन जा, मागतील ते द्या. मी उठले, दारापर्यंत गेले आणि परत फिरून विचारलं, त्यांना दसऱ्यानंतर संध्याकाळी एक ग्लास घ्यायची सवय आहे, व्हिस्कीचा. डॉक्टर माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, द्या की. त्यांनी मागितलं तर दोन द्या.

नको ते म्हणाले नव्हते, अण्णा. नको मी म्हणाले होते. माझ्याच तोंडानं, माझ्याच नावानं म्हणाले असते तर तू माझ्याशी भांडला असतास, आणि त्या भांडणात मी हरले असते.